मोटारीचा दोर

अहो,

तुम्ही गेल्यावर तुमच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. पण आज तुमचे चौघं मित्र फटफट्यांवरून वडगावला आले. तुमच्या वर्षश्राद्धाला, तुम्ही जिथं पडलात त्याच गुहेत उतरून आत तुमचा फोटो लावायचा म्हणतात!

मी चहा दिला आन् विचारलं, "हेल्मेटं किती हायती?"

"दोन हायती वहिनी. आलटून-पालटून घालू."

बॅटरी? एकच. आन् दोर? "तुमच्याकडं उरलेला आसंल की!"

जीभ कशी रेटली हो त्यांची?

तो दोर मीच काढून दिला होता तुम्हाला. विहिरीतली जुनी मोटार वर काढल्यापासून बांधावर पडलेला. "एवढी मोटार पेलली त्यानं, मी काय मोटारीपरीस जड हाय व्हय?" म्हणून तुम्ही हसलात. मीही हसले. तीन उन्हाळे तापलेला नायलॉन, चोळला की पांढरी पूड पडायची. मला दिसत होतं. उगं सुट्टीच्या दिवशी कटकट नको, म्हणून गप्प बसले.

मोटार विहिरीत सरळ खाली जाते. तिचा दोर दगडाच्या धारेवर घासत नाही. तुमचा गुहेच्या तोंडाशी घासला आन् तुटला. शेतकऱ्याच्या पोराला हे कळू नये?

तुमचा राग येतो, फार येतो. कंपनीत शिडी चढताना बेल्ट लावणारे तुम्ही! बिनहेल्मेटचा कुणी दिसला की त्याची आई-बहीण काढणारे तुम्ही! मग रविवारी काय झालं? हौसेनं पडलं की लागत नाही, असं कुणी सांगितलं होतं?

पडल्यावर तुम्ही बराच वेळ हाका मारत होता म्हणे. वर चौघं उभे, पण खाली उतरायला दुसरा दोर नाही. एक जण गावात पळाला. माणसं दोर घेऊन येईस्तोवर हाका थांबल्या होत्या. हे मला त्यांनी आज सांगितलं, चहा पिता पिता.

फोटो दिला नाही. उरलेला दोर त्यांच्यासमोर कोयत्यानं तोडला. सासूबाई म्हणाल्या, "पाव्हण्यांवर आसं वरडत्यात व्हय?"

वरडणार! तुम्हाला शब्द देते, आता डोळ्यांना दिसलेलं गिळणार नाही. माणसागणिक हेल्मेट, दोन-दोन बॅटऱ्या आन् नवे दोर दाखवल्याबिगर त्या चौघांना गुहेकडं जाऊ देणार नाही, त्यांच्या बायकांना घेऊन रस्त्यात आडवी बसेन. म्हणू देत भांडखोर. भांडखोर बाईचा नवरा घरी तरी येतो.

तुमची,
शोभा