गुलाबी गोळीचा कप्पा

श्री
ता. रेणापूर, ४ मार्च २०२४

चि. गीतांजलीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला तुझं निम्मंबी ऐकू येत न्हाई, म्हणून हा कागद. तुझी आई बबिता देवणीला माहेरी गेली, म्हणून मलप्पा टेलर लिहितोय. त्याला बजावलंय, सांगते तेवढंच लिही, मापं काढू नको.

तुझे आजोबा बरे हायत. लातूरला हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यापासून डॉक्टरपेक्षा तेच जास्त बोलतेत. त्यांचं पान बंद झालं, मीबी सोडलं, म्हणून माझी पानाची चंची मी त्यांच्या गोळ्यांना दिली. सुपारीच्या कप्प्यात सकाळची गुलाबी, काताच्या कप्प्यात रातची पांढरी. मला अक्षर येत न्हाई, पण रंग येतो. दोन महिने झाले, एक दिस चुकले न्हाई.

परवा गुलाबी सरली. मेडिकलवाला शेषेराव त्या जागी पिवळी देऊन राहिला. औषध तेच, कंपनी दुसरी, म्हणे. मी काय खुळी हाय? पिवळी डब्यात टाकून ठेवली. तू आलीस की त्याला जाब विचारू. तोवर रातची चालू हाय. मलप्पा मधीच काहीतरी सांगून राहिलाय. त्याला म्हणलं, तू लिही.

परीक्षा संपली की ये. माया पातळ होऊ देऊ नको. खाली माझा अंगठा, जांभळा.

रुक्मिणबाई

नांदेड, ६ एप्रिल २०२४

ती. आजीस गीतांजलीचा सा. न.

आई, हे पत्र आजीला एकटीला वाचून दाखव, आणि आधी तिच्याजवळ बस.

आजी, आजोबांचं तेरावं करून मी हॉस्टेलवर परत आले, तेव्हा तुझं पत्र उघडलं. ते आजोबा जायच्या आठ दिवस आधीच आलं होतं. नर्सिंगच्या परीक्षेच्या गडबडीत पेटीत तसंच राहिलं.

शेषेरावकाका खरं बोलत होते. पिवळी म्हणजे तीच गोळी. जाळी शरीराला परकी असते, तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून ती रोज लागते. बंद झाली की जाळीतच गाठ धरू शकते. आजोबांना शेवटचं लातूरला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं आणि तू गोळ्या चालू म्हणालीस. रात्रीची चालू होती, म्हणून तुझ्या लेखी ते खरंच होतं.

मी हे लिहिलंच नसतं. पण तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस की जाळीनं माणूस खाल्ला. ते ऐकून शेजारच्या सिंधुकाकूंनी दयानंदकाकांची जाळीची तारीख रद्द केली, असं आईकडून कळलं. त्यांची नळी जवळजवळ बंद आहे, आजी. गावात तुझा शब्द चालतो, माझा नाही.

पत्र वेळेवर न उघडणारी मी आहे. रागाव, पण मला तोडू नकोस.

तुझी गीतांजली

श्री
ता. रेणापूर, १९ एप्रिल २०२४

चि. गीतांजलीस आजीचे आशीर्वाद.

तुझ्या आईनं कागद दोनदा वाचला, हाबी तीच लिहितेय. ऐकू आलं न्हाई असं सांगून मीच परत वाचायला लावला. ऐकू आलं होतं.

दोन दिस घराबाहेर पडले न्हाई. गावाला जरा आराम पडला असंल. तिसऱ्या दिशी सिंधुकडं गेले. ती भाकरी करून राहिली होती. गुलाबीचं रिकामं पाकीट आन् पिवळीचं भरलेलं, दोन्ही दयानंदापुढं ठेवली. म्हणलं, नाव वाच. त्यानं वाचलं. एकच निघालं.

मग सांगितलं, जाळीनं न्हाई नेलं त्यांना, माझ्या हातानं गेले. तव्यावरची भाकरी करपली, कोणी उलटली न्हाई.

सोमवारी दयानंदाला जाळी बसली. सिंधु काल चंची मागायला आली, गोळ्या ठेवायला. दिली न्हाई. पाकिटातून काढू नको म्हणलं, रोज नवऱ्याकडून नाव वाचून घे. पान मी अजून खात न्हाई. सकाळी हात सुपारीच्या कप्प्यात जातो, आन् मग आठवतं.

तुझ्या न उघडलेल्या पत्राचं आईशिवाय कोणाला सांगू नको. घरात एक चूक पुरे, ती माझ्या नावावर राहू दे.

उन्हाळ्यात ये. जीव लावलाय तसाच राहू दे. जांभळी शाई सरली, या वेळी अंगठा निळा उठलाय. रंग बदलला तरी आजी तीच हाय, ओळखून घे.

रुक्मिणबाई