कुणी मान वर करत नाही

डलूथ, ऑक्टोबर

प्रिय लोरेटा,

सिस्टर क्लोटिल्डच्या वर्गात आपल्या दोघींत मिळून एकच वाचनाचं पुस्तक असायचं, आठवतं? तुझं पान आधी संपायचं. कोपरा चिमटीत धरून तू माझ्यासाठी थांबायचीस, आणि मी शेवटच्या ओळी न वाचताच मान डोलवायचे. तुझ्यामागे राहायची सवय मला तेव्हापासूनची.

पुढे एकाच शाळेत, समोरासमोरच्या खोल्यांत, आपण दोघी दुसरीलाच शिकवू लागलो. मुलांनी पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं बंद झालं आणि ही नवी रीत आली. आधी सगळ्यांनी गालिच्यावर जमायचं, बाईंनी वाचनाची एखादीच युक्ती शिकवायची, मग स्वतः निवडलेल्या पुस्तकांची पिशवी घेऊन ज्यानं त्यानं आपल्या जागी मुकाट्यानं वाचायचं. लक्ष उडालं की सगळे परत गालिच्यावर, उद्या पुन्हा सुरुवात. तुझा वर्ग झाडांची पानं लाल व्हायच्या आत स्थिरावायचा. माझी मुलं नोव्हेंबर सरत थँक्सगिव्हिंगचा सण आला तरी जरा वाचलं की मान वर करून मी कुठे आहे ते बघायची. मी हसायचे, तीही हसायची. मला वाटायचं, ही माया. तुझ्या दारावरून जाताना दिसायचं, तू कुणा एकाजवळ उकिडवी बसून कुजबुजते आहेस आणि बाकी कुणाला तुझी दखलही नाही. बिचारी लोरेटा, असं मी स्वतःशी म्हणायचे. पोटात मात्र दुखायचं.

प्रिसिला हॉगन तुझ्याकडे होती आणि तिचा भाऊ पुढे माझ्याकडे आला, ते वर्ष तुझ्या लक्षात नसेल. तो मला म्हणाला, “ताई म्हणते, तिच्या वर्गात वाचताना बाई आहेत हेच विसरायला व्हायचं.” जेवणाच्या सुट्टीत मी ते सगळ्यांदेखत तुझ्या कानावर घातलं, चांगलं झोंबावं म्हणून. तू टुना सँडविचचा घास सावकाश गिळलास आणि म्हणालीस, “मग जमलं म्हणायचं, बर्नी.” त्या संध्याकाळी मी वॉल्टवर उगाचच डाफरले. नवरा बिचारा बटाटे सोलत होता.

जूनमध्ये तुझ्या निवृत्तीच्या निरोपाला तुझे जुने विद्यार्थी आले, दाढ्या आलेले, कडेवर पोरं घेतलेले. मी केक वाटत होते आणि माझ्या वेळी यातलं कोण येईल ते मनातल्या मनात ताडून बघत होते.

तू गेल्यावर समोरच्या खोलीकडे बघायचं कारण उरलं नाही. यंदा मी उंच खुर्ची सोडून तुझ्यासारखी जमिनीवर बसायला लागले. गुडघे कुरकुरतात, पण बसते. गेल्या आठवड्यात हिबोजवळ बसले होते. सोमालियाहून आलेली पोर, फार बोलत नाही; बेडकांच्या पुस्तकातल्या ओळीखालून बोट सरकवत होती. मी मान वर केली तर माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. वर्गातला सगळ्यांत चुळबुळ्या ग्रेडीसुद्धा नाही. सरोवरावर जहाजाचा भोंगा झाला, तरी नाही. इतक्या वर्षांनी माझा वर्ग वाचायला लागला, आणि लोरेटा, मला त्या पुस्तकांचा मत्सर वाटला. अगदी तुझा वाटायचा तसा.

सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. नाताळपर्यंत मला शाळा नाही. मुख्याध्यापिका माझ्या जागी कुणी अनोळखी बाई पाठवणार होत्या. अनोळखी चेहरा दिसला की सगळ्या माना वर होतील आणि बसलेली घडी मोडेल; तुला तर बहुतेकांनी पहिलीत असताना शाळेत पाहिलंय, म्हणून मी तुझं नाव सुचवलं. सुचवताना जीभ जड झाली होती, ते तुझ्यापासून काय लपवायचं? तू ये. खिडकीखालची जागा हिबोला दे, आणि बेडकांच्या पुस्तकांची टोपली तिच्या हाताशी असू दे. निळी उशी ग्रेडीची. पण त्याला वाचायला जोडीदार म्हणून ओवेन देऊ नकोस, दोघं नुसते खिदळतात. माझ्या खणातल्या पेपरमिंटच्या गोळ्या तुला, मुलांना नाही. माझ्यासाठी कार्डं करायला मुलांना सांगू नकोस. कुणी आपण होऊन केलंच, तर तेवढं वॉल्टकडे दे, तो हॉस्पिटलात आणेल. एकही झालं नाही, तर त्याच्याबरोबर नुसतं तुझं वाटाण्याचं सूप पाठव. मी काही विचारणार नाही.

तुझीच, अजूनही थोडी जळणारी,
बर्नी