वेष्टनासकट वजन

३ डिसेंबर

ठमी दीड महिन्याची झाली. दूध पिता पिता दमते. चार घोट घेतले की थांबलीच. कपाळावर घाम — या थंडीत! सासूबाई म्हणाल्या, दूध ओढायलाही मेहनत लागते, तू आधी पोटभर जेव, म्हणजे दूध सहज येईल. जेवून जेवून मीच फुगलेय.

९ डिसेंबर

तिला आमच्या पोस्ट ऑफिसात नेऊन आले. आमच्या पार्सलच्या काट्यावर ठेवली. तीन किलो नऊशे! गेल्या खेपेला तीन सातशे होती. शेजारच्या काउंटरवालीने विचारलं, कुठे पाठवायचंय? जिवात जीव आला. उगाच घाबरते मी.

१४ डिसेंबर

श्वास फार भरभर. झोपेतसुद्धा. बरगड्यांखाली खळगा पडतो. मिनिटभर मोजले — अडुसष्ट. नवरा म्हणाला, लहान मुलांचं असंच असतं, मोजत बसू नकोस. मग मोजायचं कोणी?

१५ डिसेंबर

दवाखान्यात नर्सने ठमीचे सगळे कपडे काढले, मग वजन केलं. तीन किलो चारशे. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय, आमच्या काट्यावर तीन नऊशे भरली होती. तिने शांतपणे विचारलं, तेव्हा अंगात काय घातलं होतं?

स्वेटर, टोपी, मोजे, वर जाड शाल. नऊ वर्षं पार्सलं मोजतेय, आणि पार्सल वेष्टनासकटच मोजायचं असतं. हात तसाच वळला. थंडी वाढली तशी लोकर वाढली आणि मी समजत होते, लेक वाढतेय.

डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावली, मग पाठीला, मग पुन्हा छातीला. मग आणखी तपासण्या. हृदयात भोक आहे. जन्मापासूनच. फुप्फुसांत रक्त जास्त जातं, म्हणून दम, म्हणून घाम. औषधांनी थोडं वजन वाढवायचं, मग ऑपरेशन.

लाज वाटते. भीती त्याहून जास्त.

२ जानेवारी

उघडं वजन तीन सहाशे.

१९ जानेवारी

उद्या ऑपरेशन. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. माझ्या त्या वजनावरून रागावल्या असणार. त्यात त्यांचं काय चुकलं?

२० जानेवारी

पाच तास. नवरा आणि मी एकाच बाकावर. सर्जन बाहेर आले — भोक बुजवलंय. मी जमिनीवरच बसले.

२७ जानेवारी

ठमी न थांबता दूध प्यायली. सासूबाई बघत होत्या. मग माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. तीही अशीच दमायची. चौथ्या महिन्यात गेली. सगळे म्हणाले, आईचं दूधच बाधलं."

एकेचाळीस वर्षं त्यांनी ते खरं मानलंय.