न काढलेल्या तिकिटाचं बक्षीस

३ जून

चि. चौकशीमास्तर यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लिफ्टच्या मोटारीतला आवाज कुठून येत होता, ते तू पानंच्या पानं समजावून सांगितलंस. मला काडीचं कळलं नाही, पण तुला शोध लागला हे वाचून बरं वाटलं. निवृत्त झालास तरी दुरुस्तीला बोलावणी येतात, म्हणजे हात अजून चांगला आहे.

इकडे दुकानात गणवेशांची गर्दी आहे. मान आणि कंबर दोघी मिळून कुरकुरतात. एक बातमी अशी, की ह्यांचं मोठं शिलाई मशीन विकायचं ठरवलंय. गिऱ्हाईक महिनाअखेरीस ते न्यायला येईल. का, ते विचारू नकोस. चांगल्यासाठीच आहे, पण सांगायची मला बंदी आहे. फोनही करू नकोस, फोनवर आपलं भांडण होतं.

सुनेला आशीर्वाद. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
ताई

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारू नकोस असं मला सांगणं म्हणजे भुकेल्यापुढे झाकलेलं ताट ठेवणं. त्या मशीनवर दाजींनी जन्मभर कोट शिवले. ते गेल्यापासून तू त्याच्यावर कोणाला कपसुद्धा ठेवू देत नाहीस. आणि आता ते विकतेस?

शिवाय तुला बंदी घालणारा हा कोण निपजला? आईला जे आयुष्यभर जमलं नाही ते याला कसं जमलं, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय. सगळं लिही, नाहीतर मी येऊन दारात बसतो.

लोभ वाढवावा, आणि बातमी लपवू नये.

तुझा,
चौकशीमास्तर

१३ जून

चि. मास्तर यास,
अ. आ. वि. वि.

तुझ्यापुढे हात टेकले. सांगते, पण पोटात ठेव.

मला लॉटरी लागली आहे. ई-मेल आला. आकडा लिहीत नाही, तुला चक्कर येईल. दावा अधिकारी म्हणून एक गृहस्थ आहेत, ते सगळं बघतात. बक्षीस हातात पडेपर्यंत घरात कोणाला कळवू नका, नाहीतर दुसरं कोणी हक्क सांगायला उभं राहतं, असं त्यांनी बजावलंय. नोंदणीची फी मी भरली. आता मंजुरीची मोठी फी आहे, तिच्यासाठी मशीन. ती बक्षिसातूनच कापून घ्या, असं मीही लिहिलं होतं. तर रक्कम विम्याने सीलबंद आहे, तिला हात लावता येत नाही, असं उत्तर आलं. मी काही दुधखुळी नाही.

तू म्हणशील, तिकीट कधी काढलंस? मी नाहीच काढलं. पण ह्यांची खोड तुला ठाऊक आहे. साबणाचं वेष्टण असो की चहाचं, प्रत्येक सोडतीत मला न सांगता माझं नाव घालायचे. एकदा इस्त्री लागली, ती पार्सल दारात आल्यावर मला कळली. हे मी अधिकाऱ्यांना लिहिलं, तेव्हा त्यांनी कागद तपासून कळवलं, की अर्ज ह्यांनीच भरला होता. तेव्हापासून मला पैशांपेक्षा त्याचंच अप्रूप वाटतंय. जाताना माझ्यासाठी काहीतरी ठेवून गेले.

आता रागावू नकोस. लोभ असू दे.

तुझी,
ताई

१८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिकीट न काढता बक्षीस कसं, हा प्रश्न विचारून मी दुसऱ्या कोणालाही गप्प केलं असतं. तुझ्यापुढे तो चालत नाही, कारण दाजी खरंच तसे होते. मोठ्या पेचात टाकलंस.

बाकीचा कारभार मला समजला. असा ई-मेल मलाही आला होता, नुसतं ‘प्रिय विजेते’ म्हणून. ते हजारोंना पाठवतात आणि उत्तर देईल त्याला धरतात. आधी लहान फी घेतात, कारण एकदा पैसे घातले की ते बुडू नयेत म्हणून माणूस आणखी घालतो. आणि बंदी कशासाठी, तर माझ्यासारख्या कोणी मध्ये नाक खुपसू नये. पण नेमका तुझ्या मनातला माणूस त्यांना कसा सापडला, तिथे माझी अक्कल चालेना.

म्हणून दोन गोष्टी कर. सगळे ई-मेल पहिल्यापासून वाच आणि दाजींचं नाव आधी कोणी काढलं ते बघ. मग त्याला विचार, की अर्जावर दाजींच्या धाकट्या भावाचीही सही आहे का. दाजी एकुलते एक. कागद खरा असेल तर तो नाही म्हणेल, आणि मी स्वतः येऊन मशीन उचलायला हात लावीन.

उत्तराची वाट बघतोय. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
मास्तर

२४ जून

चि. मास्तर यास,
अ. आ. वि. वि.

धाकट्या भावाची सही आहे. ठळक आणि स्पष्ट आहे, असं त्याने कळवलंय. दोघा भावांचं तुमच्यावर फार प्रेम होतं, असंही लिहिलंय.

ई-मेलही वाचले. पहिल्यात माझं नावसुद्धा नव्हतं. नाव मी दिलं, हे गेल्याचं मी लिहिलं, सोडतींची खोडही मीच सांगितली. कापड सगळं माझं, त्याने नुसतं शिवून परत दिलं. बँकेत आणि पोलिसांत कळवून आले. भरलेली फी गेली ती गेली. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं, मशीन जागेवर आहे.

तू शहाणा ठरलास, पण मला आनंद झाला नाही. हे दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं.

तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलं. नेमका माणूस कसा सापडला, त्याचं. तो रोज लिहायचा, आणि कामाचं बोलण्याआधी विचारायचा, की जेवलात का, झोप लागली का, एकट्या कशा राहता. मग मी सांगत गेले. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, मास्तर. तू लिफ्टची चौकशी केलीस, लॉटरीची केलीस, मशीनचीही केलीस. हे प्रश्न मला त्या चोराने विचारले.

लोभ आहे हे मी जाणते. तरी अधूनमधून विचारत जा.

तुझी,
ताई