डाव्या कोपऱ्यातला हात

मी, खाली सही करणारी, वय वर्षं त्र्याहत्तर, धंदा चित्रपट संकलन, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीत आहे आणि माझ्या डोक्यावर कोणी बसलेलं नाही. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रं केली होती. ती रागाच्या भरात लिहिलेली होती, दोन्ही रद्द समजावीत.

सुरुवातीलाच एक नियम लिहून ठेवते, कारण त्यापायी माझं एक पान वाया गेलं. वकील म्हणाले, "बाई, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला या कागदातून काही मिळत नाही. द्यायचं असेल तर त्याची सही घेऊ नका." शेजारची परिचारिका माझी साक्षीदार आहे आणि तिलाच मी शिलाई मशीन लिहून दिलं होतं. ते खोडावं लागलं. मला वाईट वाटलं, तर ती म्हणाली, "मावशी, राहू दे ते मशीन. मी सही करते. त्याचा पट्टा तसाही सारखा निसटतो."

कलम एक. हे घर, म्हणजे बाहेरच्या दोन खोल्या आणि आतली संकलनाची खोली, माझ्या लेकीला. आतल्या खिडकीचा काळा कागद तिने खुशाल काढावा. बाहेरच्या भिंतीत दिव्याच्या बटणाशेजारी मुठीएवढा खड्डा आहे, तोही बुजवावा, पण तो कसा पडला हे तिला माहीत असावं. आमच्या नऊ चित्रपटांत खलनायकाचा अड्डा म्हणजे हीच खोली. सोफ्यावर लाल चादर टाकली की अड्डा, चादर काढली की नायकाच्या आईचं घर. एकदा घाईत चादर काढायची राहिली आणि बिचारी आई अख्खा सिनेमा अड्ड्यावर बसून रडली. खड्डा आमच्या नेहमीच्या गुंडाच्या, टकल्याच्या ठोशाचा. नायकाने वेळेवर डोकं बाजूला घेतलं म्हणून तो भिंतीत आहे.

कलम दोन. कपाटातली पोलिसाची वर्दी याच टकल्याला. आमच्या सव्वीस चित्रपटांत तो मेला आणि प्रत्येक वेळी मेल्यावर माझ्याकडे चहाला आला. वर्दी एकच होती. त्यामुळे आमच्याकडे इन्स्पेक्टर आणि हवालदार कधी एका चौकटीत दिसत नाहीत. एकजण बोलायचा, मग वर्दी उतरवून दुसऱ्याला द्यायची, मग दुसरा ऐकायचा, आणि त्या दोघांना मी कात्रीने समोरासमोर उभं करायचं. वर्दी धुतलेली आहे. कॉलरवरचा डाग रक्ताचा नाही, लाल शाईचा आहे, तो जाणार नाही.

कलम तीन. माझी संकलनाची खुर्ची त्या वर्तमानपत्रातल्या समीक्षकाला, हयात असल्यास. त्याने तीवर एकदा तरी दोन तास सलग बसावं. आमचा एकही सिनेमा त्याने मध्यंतरानंतर पाहिलेला नाही. त्याने लिहिलं ते बहुतेक खरंच होतं, हे इथे मान्य करते. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून आमचा नायक चौदा गोळ्या झाडायचा. त्या मी मोजल्या आहेत, कारण आवाज मीच जोडत होते. पाठलागात तीच गल्ली चारदा यायची आणि चारही वेळा तोच कुत्रा बाजूला व्हायचा. बायका फक्त पळवून नेण्यापुरत्या. हे सगळं एका बाईच्या हाताखालून जात होतं, तेव्हा तो दोष माझ्याही पदरात घालावा.

पण एक गोष्ट त्याने कधी लिहिली नाही. आमच्याकडे सेट नव्हता, खरा जिना होता, आणि तो इतका अरुंद की हात उगारायला जागा नसायची. म्हणून ती मारामारी वाटायची. नायक धापा टाकायचा त्या खऱ्या धापा. दुसरा शर्ट नसल्यामुळे फाटलेला शर्ट शेवटपर्यंत फाटकाच राहायचा. साहेबाची बोलणी खाऊन आलेली माणसं आमचा सिनेमा बघून ताठ मानेने बाहेर पडायची. मी थेटराच्या दाराशी उभी राहून त्यांच्या माना पाहिल्या आहेत. मला या सिनेमांची लाज कधीच वाटली नाही, हेही कागदावर असू दे.

कलम चार. "गोदाम नंबर नऊ" या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह. निर्माता देश सोडून गेला तेव्हा लेखी देऊन ती माझ्या हवाली करून गेला. कागद वकिलांकडे आहे. हे कलम लांबणार आहे.

हा चित्रपट माझ्या थोरल्या भावाने, दादाने, दिग्दर्शित केला. आमचे सगळेच त्याने केले, पण हा त्याचा सगळ्यांत चांगला. मारामाऱ्या बसवल्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी. त्यांना या धंद्यात दादानेच आणलं, आणि माझ्या आयुष्यातही. मास्तर सदैव कॅमेऱ्यामागे. फोटोतही उभे राहायचे नाहीत. कोणाला उंचावरून उडी मारायची असली की ते खाली गादी सरकवायचे आणि तिच्यावर दोन थापा मारायचे. त्याचा अर्थ, ये, खाली मी आहे. त्या दोन थापा ऐकल्याशिवाय एकही माणूस उडी मारायचा नाही.

शूटिंग संपल्यावर अकराव्या दिवशी मास्तर घराच्या जिन्यात बसले ते उठलेच नाहीत. लेक तेव्हा चार वर्षांची होती. तेराव्या दिवसापर्यंत मी घरी बसले आणि मग संकलनाला लागले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

टाकीवरून उडी मारायच्या प्रसंगाचे तीन टेक होते. पहिला बिघडला. तिसरा स्वच्छ होता. दुसऱ्यात डाव्या कोपऱ्यात, खाली, गादीची कड आणि मास्तरांचा हात आला होता. कधीतरी मोडून वाकडी बसलेली करंगळी, आणि दोन थापा. चार सेकंद. तो टेक मी किती वेळा मागेपुढे फिरवला ते सांगत नाही. मग तोच लावला.

दादाने पाहिलं आणि विचारलं, "तिसरा टेक कुठाय? तो तर स्वच्छ होता."

मी म्हटलं, "लॅबमध्ये जळाला."

त्याने विश्वास ठेवला. पुन्हा शूटिंग करायची सोय नव्हती, चित्रपट तसाच लागला. लोक त्या जागी "हात आला, हात आला" म्हणून हसायला लागले. आजही हसतात. मोठ्या निर्मात्यांनी दादाला दारात उभं केलं नाही, आणि तो मला म्हणाला, "एक डबा सांभाळता आला नाही तुला." तेव्हापासून आम्ही बोललो नाही. एकतीस वर्षं झाली. लोकांना मी सांगत आले की दादा तुसडा आहे. तो तुसडा आहेच, पण या बाबतीत त्याचं काही चुकलं नव्हतं.

तिसरा टेक जळाला नव्हता. तो आतल्या खोलीत, वरच्या फळीवर, बिस्किटांच्या निळ्या डब्यात आहे. मी खोटं बोलले. मला माफ कर, दादा.

आता एक कंपनी हा चित्रपट स्वच्छ करून पुन्हा दाखवायला तयार आहे, आणि दादाला मरण्याआधी एकदा तो कोणी न हसता बघायचा आहे, असं वकिलांकडून कळलं. म्हणून निगेटिव्ह आणि निळा डबा, दोन्ही दादाला. हात काढायचा की ठेवायचा हे दिग्दर्शकाने ठरवावं. मी एकदा त्याच्याऐवजी ठरवलं, तेवढं पुरे.

माझी स्वतःची इच्छा काय, हे कलमात लिहायला वकिलांनी मनाई केली आहे, तरी लिहिते. माझी लेक लहानपणी हा चित्रपट त्या उडीपर्यंत बघायची, बाबांचा हात येऊन गेला की उठून खेळायला जायची. त्यांची हलती आठवण तेवढीच आहे.

या कलमाची नक्कल वकिलांनी सहीच्या दिवसाआधी दादाला पोचवावी. मी गेल्यावर त्याने हे वाचलं तर भांडायला समोर कोणी नसेल, आणि तो तर भांडल्याशिवाय राहणार नाही.

कलम पाच. दादाने कलम चारमधल्या वस्तू घेतल्या नाहीत, किंवा कायद्याने त्या त्याला मिळू शकल्या नाहीत, तर त्या माझ्या लेकीला. तिने चित्रपट जसा आहे तसा दाखवावा, आणि निळा डबा न उघडता ठेवावा.

कलम सहा. कात्री माझ्याबरोबर जाळू नये. चांगली आहे, कोणाच्या तरी कामाला येईल. भाषणं नकोत.

स्थळ: राहतं घर, दुसरा मजला, आतली खोली. वेळ सकाळी सव्वाअकरा, सहा फेब्रुवारी. वरील मजकूर मी स्वतः वाचून सही केली.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार एक: शेजारीण, परिचारिका. बाईंनी माझ्यादेखत सही केली. (सही)

साक्षीदार दोन: इथे आधी लिहिलेले "खालचा औषधवाला" हे शब्द खोडले आहेत. मी मृत्युपत्र करणारीचा सख्खा थोरला भाऊ, वय एकोणऐंशी, धंदा दिग्दर्शन. तिने माझ्यादेखत सही केली. कलम चार मी घरी वाचलं, इथे येऊन पुन्हा वाचलं, आणि जे भांडायचं होतं ते भांडून झालं. साक्षीदाराला यातून काही मिळत नाही, हे वकिलांनी सही करण्याआधी मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मला नीट ऐकू आलं. निळा डबा मी पाहिला, उघडला नाही. तिसरा टेक स्वच्छ आहे, पण त्यात खाली मास्तर नाही. चित्रपटातला हाताचा शॉट चार सेकंद लांबला आहे, हे माझं मत कायम आहे. (सही)