चौदा बंडलांचा अभ्यास

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ६.१०

सगळंच महत्त्वाचं आहे म्हणे! एवढंच सांगायला सर कशाला लागतो? काल उल्हासनगरच्या त्या क्लासमध्ये उभी राहून मी विकास सरला सरळ विचारलं, माझी उन्नती कम्प्युटरच्या त्या जावा भाषेच्या सर्टिफिकेटला बसतेय, बावीस तारखेला पेपर, नक्की कशाचा अभ्यास करायचा ते सांगा. मोबाईलमधून डोळे न काढता म्हणतो, मॅडम, सिलॅबसमधलं सगळंच इम्पॉर्टंट आहे. मी म्हटलं, मी जीन्सच्या कारखान्यात चेकर आहे. दिवसाला सहाशे पँटी बघते. अख्खी पँट महत्त्वाची म्हणून बघत बसले तर टेम्पो भरणार कधी? झिप, खिसा, कंबर, बॉटम. चार ठिकाणी नजर टाकायची की पुढची पँट. तर हसला.

हसू दे. उन्नतीने काय वाचायचं ते आता मी ठरवणार. सातवी शिकलेय, पण चूक कुठे असते ते मला लांबून दिसतं.

पास झाली की ऐरोलीच्या कंपनीत नोकरी. सकाळी जायचं, संध्याकाळी बदलापूरला घरी. नापास झाली तर वांगणीच्या अल्पेशचं स्थळ आहे. तेही पुढच्याच स्टेशनावर. तिचा बापूस गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. पोरगी कसंही झालं तरी जवळच राहणार. प्लॅन पक्का.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. संध्याकाळी ७

पुस्तक उसवलं. धागे कापायच्या कटरने बाइंडिंग काढलं आणि चौदा बंडलं केली. कारखान्यात करतात तसं प्रत्येकाला तिकीट लावलं. बंडल नंबर, पानं, सही. काम झालं की सही. चुकलं की बाणाचं स्टिकर लावून ऑल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, परत.

उन्नती आली नि बघत उभी राहिली. वाटलं रडेल. रडली नाही. एवढंच म्हणाली, आई, हे लायब्ररीचं होतं गो.

मग आधी सांगायचं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तिला म्हटलं, मला समजाव, मी चेक करते. क्लास म्हणजे काय, तर फर्मा. आमचे कटिंग मास्तर हरिचंद्र पुठ्ठ्याचा एकच फर्मा काढतात, त्यावर हजार पँटी निघतात. निघालेली पँट म्हणजे ऑब्जेक्ट. मला अर्ध्या तासात कळलं. विकास सर वर्षभर काय करत होता, देव जाणे.

मग इनहेरिटन्स. आईकडचं पोरीकडे आपोआप येतं. बरोबर आहे. आणि पोरीकडचं आईकडे? ती म्हणाली, नाही येत. आईला पोरीचं काही ठाऊकच नसतं. हे खाली बघून म्हणाली.

पुढे ओव्हररायडिंग. आईने एक काम एका पद्धतीने लावून दिलेलं असतं, पोरगी तेच काम आपल्या पद्धतीने परत लिहिते, आणि मग पोरीचंच चालतं. हे बंडल नंबर सहा. मी ते माळ्यावर टाकलं. असलं काही परीक्षेत विचारत नाहीत.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी

पाच दिवसांत दोन सह्या. या स्पीडने माल निघत नाही. चूक लगेच सापडली. एक पँट कधी एकटी बाई शिवते का? एकीकडे खिसे, दुसरीकडे कंबर. बेलवलीची राजसी याच परीक्षेला बसतेय, उन्नतीची कॉलेजपासूनची मैत्रीण. म्हटलं, वाटणी करा. सात बंडलं तू कर, सहा तिला दे.

उन्नती म्हणाली, आई, पेपर ज्याचा त्यानेच द्यायचा असतो.

मग एकमेकींना सांगा ना! तोंडं कशाला दिलीत?

तिने समोरची तिकिटं बाजूला सारली. मग म्हणाली, रोज जावं लागेल तिच्याकडे. म्हटलं, जा. सकाळी जा, संध्याकाळी ये. लगेच हो म्हणाली. माझ्या कुठल्याही बोलण्याला ही पोरगी पहिल्यांदाच लगेच हो म्हणाली. मोठी बॅग काढली. बंडलं जड असतात.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पद्धत लागू पडतेय. घर एकदम शांत. पूर्वी शब्दाला शब्द लावायची, आता मान हलवते. गॅलरीत हळू आवाजात फोनवर बोलते, मी गेले की थांबते. अभ्यासाचं असणार, मला काय कळणार म्हणून थांबत असेल.

कपाटात ड्रेस कमी दिसले. चेकरची नजर आहे माझी. विचारलं तर म्हणाली, राजसीकडे ठेवलेत, बदलायला लागतात. दिवसभर बसून वाचायला कपडे कशाला बदलायचे ते विचारणार होते, पण उगाच मूड नको घालवायला.

नळावर शेजारची पुतळी म्हणते, सगुणे, तुझी पोर रोज कुठं चाललीय गो? म्हटलं, अभ्यासाला. म्हणते, बॅग जाताना फुगलेली असते नि येताना लटकते. म्हटलं, तू तुझी कळशी बघ, वाहून चाललीय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

चेकिंग केलं. अनुक्रमणिकेच्या पानावरून कुठलंही नाव काढून विचारलं, धाडधाड उत्तरं. इंटरफेस, एक्सेप्शन, सगळं. मला उत्तर कळत नाही, पण अडखळली की कळतं. कुठे अडखळली नाही.

मग झाडताना पलंगाखाली तिच्या वाटणीची सातही बंडलं दिसली. वाटणी करताना मी बांधलेली गाठ तशीच. म्हणजे न उघडता पाठ! वाटणीचा हा एवढा फायदा होईल असं मलाही वाटलं नव्हतं. हरिचंद्र मास्तरांना सांगितलं. ते पेन्सिल कानाला लावून म्हणाले, सगुणाबाई, गाठ सुटली नाही तर माल दुसरीकडून आलाय. त्यांना काय, ते संशयीच आहेत.

पेटीतली मार्कशीटची फाईल नाही. आधार कार्डही नाही. परीक्षेला लागत असणार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सकाळी

चार दिवस राहिले आणि ही अभ्यास सोडून भलतंच करतेय. काल मला समोर बसवून मोबाईलवर गॅसचा नंबर कसा लावायचा ते शिकवलं. तीनदा. आता तू लाव, आई. लावला. मग माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या डबीवर वार लिहिले. किचनच्या दाराच्या आत मोठ्या अक्षरात नंबर चिकटवले, दवाखाना, पुतळी, लाइट गेली तर कोण.

मी ओरडले. हे सगळं तू करतेस ना? मला कशाला शिकवतेस? वेळ फुकट घालवतेस.

म्हणाली, असू दे गो.

तिला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघितला. नव्हता.

शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळी ७.४०

गेली. दही-साखर दिली हातावर. दोनदा पाया पडली. एकदा परीक्षेसाठी, ते ठीक. दुसऱ्यांदा कशासाठी ते विचारेपर्यंत रिक्षा वळली.

संध्याकाळी ५.३०

पास!! मोबाईलवर फोटो आला, एक्क्याऐंशी टक्के. अख्ख्या चाळीला सांगितलं. कुठली बंडलं, कशी वाटणी, सगळं. पुतळीला दोनदा सांगितलं. विकास सरला फोन लावणार होते, म्हटलं सोमवारी कारखान्यातून परस्पर जाऊन तोंडावरच सांगते.

कोळंबी आणलीय, तिला आवडते. सात वाजेपर्यंत यायला पाहिजे.

रात्री ८

फोन आला. आवाज थंड. म्हणाली, आई, ऐरोली नाही. हैदराबाद. मी विचारलं, कंपनीने बदललं? म्हणाली, नाही, मीच हैदराबाद लिहून दिलं, दिवाळीआधीच. एक तारखेला हजर व्हायचंय. शुक्रवारी कल्याणहून गाडी आहे, राजसी पण आहे बरोबर. तोवर मी इथेच राहते, बेलवलीला. घरी आले तर तू सोडणार नाहीस.

बरंच बोलायचं होतं. मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, हो. मग फोन बंद.

रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी ११

बेलवलीला जाऊन आले. राजसीच्या आईने, संजीवनीने, बसवलं, चहा दिला. साखर जास्त होती. संजीवनी म्हणाली, ताई, पोरींनी दोन आठवडे इथे कम्प्युटरवर डोळे फोडलेत हो, आपण कौतुक करायचं. म्हटलं, कौतुकच करायला आलेय, बोलवा तिला. ती आत गेली नि एकटीच बाहेर आली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खालच्या फटीतून दोन पायांची सावली दिसत होती. मी कप खाली ठेवेपर्यंत ती हलली नाही.

मीही हाक मारली नाही. का मारली नाही ते आता कळत नाही.

मी काही हात जोडणार नाही. मेसेज टाकलाय, आणि नंतर फिरवाफिरवी नको म्हणून तोच इथे लिहून ठेवते. उन्नती, शुक्रवारी गाडी आहे. बुधवारी, सव्वीस तारखेला, संध्याकाळी सातच्या आत मला कळव. एकदा घरी येऊन जाणार, की तिथूनच? अंगठ्याचं चित्र पाठवू नको. हो की नाही, ते लिही.