तिरपी खाट आणि पडवीतल्या इतर सुधारणा

राजमान्य राजश्री जयसिंगराव यांस पुण्याहून हिंदुरावाचा रामराम. उभ्याने घालावा असा हा रामराम खाटेवरूनच घालतो आहे, तरी राग नसावा. येथे सर्व क्षेम. तिकडे शिरवळास आपण, वहिनीसाहेब, मुलेबाळे, गुरेढोरे आणि ती मारकी म्हैस (अजून ठेवली असल्यास) सुखरूप असावीत. आपले गुडघे दुखतात असे मागे कळवले होते. ते आता कसे आहेत ते सविस्तर लिहावे. कळ बसताना येते की उठताना, आतल्या अंगाने येते की बाहेरच्या, सगळे लिहावे. कारण त्यावर माझ्या मनात एक योजना आली आहे आणि तिला एक दुखरा गुडघा हवाच आहे. आपले दुखणे 'हवे' म्हटल्याबद्दल क्षमा असावी, पण इतका चांगला गुडघा दुसऱ्या कोणाचा माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या पायाची हकीकत आपल्या कानी आली असेलच. शिरवळात लोक म्हणतात की माझ्या पायावरून तोफेचा गाडा गेला. म्हणू द्यावे. खरे आपल्याला म्हणून सांगतो. श्रीमंतांच्या तोफखान्यात तोफांच्या गाड्यांची देखरेख करण्यात जन्म गेला, चार मुलखांची धूळ खाल्ली, अंगाला ओरखडा नाही. आणि इथे पुण्यात, कात्रजहून नळाने पाणी येते त्या हौदाच्या पायरीवर उभा राहून एका अनोळखी गृहस्थाला या पायरीवरून माणसे का घसरतात हे समजावून देत होतो. त्यांना ते चांगलेच समजले असावे, कारण मला उचलून वैद्याकडे त्यांनीच नेले.

वैद्य म्हणजे श्रीधरशास्त्री. कसब्यात, नागझरीच्या अंगाला घर. मागच्या अंगणात लांबच लांब पडवी, आणि तीत लांबलांबून आलेले रोगी. माणूस वाळक्या शेंगेसारखा, हात मात्र लोण्यासारखा. पायाचे हाड जागेवर बसवले ते मला कळलेही नाही. (कळले. पण ओरडून झाल्यावर.) बांबूच्या कांबी लावून पाय करकचून बांधला आणि सांगितले की हा हलला तर वाकडा जुळेल, मग जन्मभर वाकडे चालावे लागेल. मी विचारले, बरा होईल ना? म्हणाले, "पाय होईल. तो स्वस्थ पडून राहील. तुमचे काय ते तुम्ही बघा."

जयसिंगराव, माणसाला ओळखावे ते असे. पाय स्वस्थ पडला, पण मी आढ्याकडे किती वेळ बघणार? म्हणून मान वळवून पडवीकडे बघू लागलो, आणि जे दिसले त्याने माझी भूकच गेली. (दुपारी परत आली.) निजलेल्या माणसाला काढा पाजतात तो वाटीने. त्यातला निम्मा दाढीत जातो, थोडा कानात जातो, उरलेला पोटात. आणि मग वैद्य म्हणतो, काढ्याचा गुण कसा येत नाही! अहो, कानाला काढ्याचा काय गुण येणार? तान्ह्या पोराला आपण बोंडल्याने दूध पाजतो, थेंब सांडत नाही. मग थोराने काय पाप केले? तांबट आळीतून एका कारागिराला बोलावून मी थोरल्या माणसाच्या मापाचे बोंडले घडवून घेतले, लांब वाकड्या तोटीचे, फार सुरेख. पण एकही गडी त्याला तोंड लावीना. पानिपतापासूनच्या जखमा मिरवणारे लोक, म्हणाले, "आम्ही काय पाळण्यातले आहोत?" तेव्हा मी त्याला 'वीरपात्र' असे नाव दिले आणि ते फक्त लढाईत जखमी झालेल्यांनाच मिळेल असे जाहीर केले. संध्याकाळपर्यंत पोटदुखीवाल्यांनाही आपापल्या लढाया आठवल्या.

त्यात एकच उणे राहिले. तोटी अरुंद, आणि काढ्यात अडुळशाचा चोथा. तोटी तुंबली. एका दांडग्या शिलेदाराने ती मोकळी करण्यासाठी ओढायचे सोडून फुंकले, आणि भांड्यातला सगळा काढा वरच्या तोंडाने निघून शास्त्रीबुवांच्या धुतलेल्या उपरण्यावर बसला. ते उपरण्याकडे बघून एवढेच म्हणाले, "याचा खोकला आता गेला." दुसऱ्या दिवसापासून काढा गाळून येऊ लागला. म्हणजे सुधारणा झालीच. जळवांच्या मडक्याला हवेसाठी मी झाकणात भोके पाडली होती तो प्रकार मात्र इथे लिहीत नाही. भोके थोडी मोठी पडली, एवढेच. सगळ्या जळवा सापडल्या आहेत. शेवटची शास्त्रीबुवांना सापडली, म्हणजे तिलाच ते सापडले.

आता मुख्य गोष्ट. माझ्या शेजारच्या खाटेवर रज्जाकभाई आहेत, आमच्याच तोफखान्यातले जुने गोलंदाज. दारूचा धूर गिळून गिळून छातीचा भाता फाटलेला. दमा असा की आडवे होता येत नाही. आडवे झाले की श्वास अडकतो, माशासारखे तोंड उघडे पडते. बसल्या बसल्या झोप लागली तर मान पडते आणि दचकून जाग येते. म्हणून त्यांची बायको कमरजहांबी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसते. दिवसा स्वयंपाक करून डबा घेऊन येते आणि दिवे लागले की खाटेवर चढून भिंतीसारखी बसते. पावसाळा लागल्यापासून असे चालले आहे. मी एकदा म्हटले, बीबी, लोड लावा की. ती म्हणाली, "लोड सरकतो, राव. मी सरकत नाही." मग थोड्या वेळाने आपणच म्हणाली, "मीही आता सरकायला लागले आहे."

ते ऐकले आणि माझी भूक पुन्हा गेली. (या वेळी संध्याकाळीही परत आली नाही.) तोफेचे तोंड वरखाली करायचे तर आम्ही काय करतो? मागची पाचर सरकवतो. जे तोफेला चालते ते गोलंदाजाला का चालू नये? खाट कमरेशी दुमडायची, डोक्याकडचा भाग उचलायचा, माणूस ना बसलेला ना निजलेला, मधल्या मध्ये. मी बिबवेवाडीच्या सोनबा सुताराला बोलावले. हा सोनबा हात चांगला चालवतो, पण तोंड त्याहून चांगले. मी सांगायला सुरुवात केली की म्हणायचा, "कळलं राव, फुडं बोला," आणि पुढे बोललो की म्हणायचा, "म्हंजी नक्की काय करायचं?" तरी आम्ही दोघे इतके रंगलो की विचारू नका. खाट होत आली आणि मला लोभ सुटला. डोके उचलते तर पायही उचलावेत! माझ्या पायालाही उंची हवीच होती. सोनबाला हे फार आवडले. डोक्याकडचा दोर आणि पायाकडचा दोर वर नेऊन एकाच कप्पीतून ओवले, आणि त्यांची टोके माझ्या हाती दिली, म्हणजे निजल्या निजल्या एका ओढीत सगळे काम.

पहिल्याने कोणी चढायचे? सोनबा म्हणाला, "माझी खाट, मी बसनार." तो मधोमध ऐसपैस बसला, मागे रेलला आणि म्हणाला, "लई झ्याक हाय राव. अजून वढा." मी ओढले. म्हणाला, "अजून." मी आणखी ओढले, आणि जयसिंगराव, पोथीत मोरपीस मिटावे तशी ती खाट मिटली. आत सोनबा. बाहेर फक्त त्याचे पागोटे आणि दोन तळपाय, तेही एकमेकांच्या शेजारी. आतून आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हते. (जे लागले ते लिहिण्याजोगे नाहीत.) मी घाबरून दोर सोडला, तर तो कप्पीत अडकला. तेवढ्यात शास्त्रीबुवा आले. त्यांनी पागोट्याकडे पाहिले, तळपायांकडे पाहिले आणि मला विचारले, "हा कोणता रोग?" मी म्हटले, रोग नाही, सुतार आहे. "मग बाहेर काढा," ते म्हणाले. "सुतारावरचे औषध माझ्याकडे नाही."

सोनबा निघाला तो धडधाकट निघाला, फक्त दोन दिवस वाकून चालत होता. पण शास्त्रीबुवांनी खाट अंगणात नेऊन ठेवायला लावली आणि बजावले की या पडवीत यापुढे जी वस्तू हलेल ती आणि तिला हलवणारा, दोघेही बाहेर जातील. मी खरा घाबरलो तो तेव्हा. स्वतःसाठी नव्हे. समोर ती बाई रोज भिंत होऊन बसत होती आणि माझी खाट अंगणात पागोळ्या खात होती. मी आणि सोनबाने हाकेच्या अंतरावरून, म्हणजे मी खाटेवर आणि तो अंगणात, असे ओरडून ओरडून तिची दुरुस्ती केली. पायाकडचा भाग कायमचा ठोकून टाकला. दोर नको, कप्पी नको. डोक्याकडच्या चौकटीला मागून टेकू, टेकूखाली दांड्यात ओळीने खाचा, आणि टेकू हव्या त्या खाचेत बसवून वर लोखंडी खिटी. लोभ काढून टाकला की वस्तू किती सोपी होते, हे मला इतक्या वयात कळले.

गेल्या आठवड्यात भाद्रपदातली ती झड लागली. हवा ओल्या घोंगडीसारखी. तिन्हीसांजेला रज्जाकभाईंचा दमा उसळला. ओठ काळेनिळे पडले, डोळे मोठे झाले. शास्त्रीबुवांनी औषध चाटवले, छाती शेकली. कमरजहांबी पाठ लावायला वर चढली आणि तिच्या तोंडातून 'या अल्ला' एवढेच निघाले. तिची कंबर धरली होती. एक हात कमरेवर ठेवून ती खाली उतरली आणि म्हणाली, "वैद्यबुवा, आज माझी पाठ चालत नाही. यांना त्या सुताराच्या पेटीत घाला."

शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिले. "मिटेल?"

"नाही मिटणार."

"खात्री?"

"मिटली तर माझा दुसरा पाय तुमचा."

"मला पहिलाच पुरे झाला आहे," ते म्हणाले, आणि खाट आत आणवून पडवीच्या दुसऱ्या टोकाला, मोकळ्या जागी ठेवली. पण रोग्याला तिच्यावर चढू दिले नाही. स्वतःच उपरणे बाजूला ठेवून तिच्यावर निजले आणि सोनबाला म्हणाले, "सगळ्या खाचा लाव. एकेक." हा एवढा पंडित माणूस, सोवळ्यातला, सोनबाने खडखड टेकू सरकवला तसा त्या लाकडी चौकटीवर वर होत गेला आणि खाली होत गेला, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. खाली उतरून म्हणाले, "घ्या." आम्ही रज्जाकभाईंना ठेवले. मी खिटी बसवली. ते हळूहळू मागे रेलले, पाठ टेकली, मान टेकली, आणि कोणीही न धरता तशीच राहिली. थोड्या वेळाने छातीतली शिटी बारीक झाली. कमरजहांबी हात पुढे करून उभी होती, पडले तर धरायला. श्वास एका लयीत लागला तरी तिचे हात तसेच. शेवटी शास्त्रीबुवाच म्हणाले, "बाई, हात खाली करा. तो झोपला आहे." तिने हात खाली केले, खांबाशी बसली आणि तिथेच, डब्याला टेकून, तीही झोपली. उजाडेपर्यंत दोघांपैकी कोणी हलले नाही. मी बघत होतो, म्हणून सांगतो. जयसिंगराव, फत्तेच्या तोफा मी पुष्कळ ऐकल्या, पण त्या घोरण्याइतका गोड आवाज कधी ऐकला नाही.

सकाळी शास्त्रीबुवा खाटेला एक फेरी घालून म्हणाले, "वाईट नाही." आपण बाहेरगावचे, म्हणून सांगतो: पुण्यात हे शब्द म्हणजे पालखीचा मान. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. कुबडीला खाली कातड्याची टाच लावली तर ती घसरणार नाही. जखम धुवायच्या तस्ताला कड ठेवली तर पाणी अंथरुणात जाणार नाही. आणि सगळ्यांत मोठी म्हणजे चाकांची खुर्ची, ज्याला चालवत नाही त्याला तिच्यावर बसवून अंगणात उन्हाला नेता येईल. सोनबा म्हणतो, "कळलं राव, फुडं बोला." दिवस पुरत नाही. इतके सुखाचे आजारपण माझ्या आयुष्यात कधी आले नव्हते. वडिलांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, म्हशीला लांबूनच रामराम.

ताजा कलम. आपल्या गोठ्यामागे जुना छकडा पडला आहे त्याची दोन्ही चाके येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवावीत. धुऱ्या नकोत.

आणखी ताजा कलम. आपल्या भगिनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, आनंदीबाई मला न्यायला गाडी पाठवणार आहेत असे कळते. पाठवू देऊ नये. कात्रजचा घाट चिखलाने बंद आहे, असे सांगावे. (घाट वाहता आहे. पण तो बघायला कोण जातो?) गाडी निघालीच तर बैल तिकडेच ठेवून घ्यावेत आणि चाके तेवढी इकडे येऊ द्यावीत. खरे म्हणजे हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिले. पाय केव्हाच जुळला आहे, सरळ जुळला आहे. त्या संध्याकाळी खिटी बसवायला मी खाटेवरून उतरून पडवीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो, हे माझ्या दुसऱ्या दिवशी ध्यानात आले. सुदैवाने त्या गडबडीत कोणी पाहिले नाही. रोगी नाही म्हटले तर मला इथे ठेवतील कशाला? तेव्हा पाय अजून फार नाजूक आहे असे आपण शास्त्रीबुवांना आपल्या हातचे चार शब्द लिहावेत.

याच कागदावर, वेगळ्या हाताने:

जयसिंगराव यांस श्रीधर वैद्याचे आशीर्वाद. पत्र उघडे ठेवून गृहस्थ अंगणात धावत गेले, म्हणून वाचनात आले. मी पाहिले होते. पाय बरा आहे. आपण चार शब्द लिहिण्याचे श्रम घेऊ नयेत. पडवीत आणखी काही दमेकरी आले आहेत आणि सोनबा एकटा असला की दोर दोन्हीकडे बांधतो. चाके पाठवावीत. गाडी दिवाळीनंतर.